सरकार शूटिंगला पैसे देतं, पण कुणाच्या खिशातून?

मागच्या अंकात मी घाईघाईत लिहून गेले की अमेरिकेतली राज्यं सिनेमावाल्यांना टॅक्स सोडतात म्हणून शूटिंग हॉलिवूडच्या बाहेर गेलं. बाहेर गेलं हे बरोबर, पण "सोडतात" हा शब्द चुकला, आणि तो एक शब्द पकडून इतक्या मेल आल्या की या वेळचं सदर अख्खं त्यालाच देतेय. मी वीसेक वर्षं मुंबईत प्रॉडक्शन अकाउंट्स बघतेय, त्यामुळे सिनेमा चांगला की वाईट ते मला विचारू नका, बिलं-व्हाउचरं काय ती विचारा.

प्रश्न : ताई, आम्ही ११ वर्षं अटलांटाजवळ अल्फारेटाला राहतो. नवरा आयटीत, मी शाळेत. दर वर्षी टॅक्सच्या वेळी आमचा सीपीए (म्हणजे इकडचा सीए) विचारतो, जॉर्जियाचं फिल्म क्रेडिट घेणार का, डॉलरला ९० सेंट पडेल. सिनेमाशी आमचा संबंध तिकीट आणि पॉपकॉर्नपुरता. मग आमच्या टॅक्समध्ये सिनेमा आला कुठून? आणि हे घ्यावं का? (एक वाचक, अल्फारेटा)

घ्यावं का ते शेवटी सांगते, आधी हे क्रेडिट तुमच्या दारात आलं कसं ते बघू, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

जॉर्जियाने २००८ मध्ये आपली योजना वाढवली ती अशी, की राज्यात किमान ५ लाख डॉलर खर्च करा, त्या खर्चाच्या २० टक्के टॅक्स क्रेडिट घ्या, आणि सिनेमाच्या शेवटी नावं सरकतात तिथे राज्याचा पीचचा लोगो लावलात तर वर अजून १० टक्के. एकूण ३० टक्के. तुम्ही एखादी सिरीज शेवटपर्यंत बघता आणि सगळं संपल्यावर ते गोल पीच येतं ना, त्याची किंमत खर्चाच्या १० टक्के. एवढं महाग फळ देवगडच्या पेटीतसुद्धा नसेल.

आता हिशेब करू. लॉस एंजेलिसहून एक कंपनी आली आणि तिने तुमच्याकडे १ कोटी डॉलर खर्च केले. क्रेडिट झालं ३० लाख डॉलर. पण क्रेडिट म्हणजे रोख पैसे नाहीत, भरायच्या टॅक्समधून वजा करायची ती एक पावती. आणि सिनेमासाठी बहुतेक वेळा नवीन कंपनी उघडतात, शूटिंग-एडिटिंग झालं की तिचं काम संपलं, तिला जॉर्जियात असा कितीसा टॅक्स भरायचा असणार? मग ३० लाखांच्या पावतीचं लोणचं घालायचं का? म्हणून कायद्यातच सोय करून ठेवलीय की ही पावती दुसऱ्याला विकता येते. मध्ये ब्रोकर असतात. समजा निर्मात्याला डॉलरमागे ८८ सेंट मिळाले, म्हणजे २६ लाख ४० हजार रोख हातात. ब्रोकरचं काढून ती तुमच्यासारख्या टॅक्स भरणाऱ्यांना ९० ला मिळते, तुम्ही २७ लाखांत ३० लाखांचा टॅक्स भरून मोकळे. आणि राज्याच्या तिजोरीत किती कमी आले? पूर्ण ३० लाख. म्हणजे सिनेमासाठी म्हणून राज्याने जे सोडलं त्यातले ३ लाख ६० हजार अशा माणसांकडे गेले ज्यांनी जन्मात क्लॅप मारलेली नाही.

म्हणून म्हटलं "टॅक्स सोडतात" हे बरोबर नाही. निर्मात्याला टॅक्स नव्हताच, सोडणार काय? राज्याने त्याला पैसे दिले, फक्त ते बजेटमधून चेक काढून न देता तुमच्या-आमच्या टॅक्समधून वळवून दिले. चेक काढला असता तर विधिमंडळात दर वर्षी कोणीतरी विचारलं असतं की एवढे कशाला. पावतीला कोण विचारतंय. शिवाय जॉर्जियाच्या या योजनेला वर्षाची मर्यादाच नाही, जेवढं शूटिंग तेवढं क्रेडिट, आणि बाहेरून विमानाने आलेल्या हिरोचं मानधनसुद्धा त्या खर्चात धरतात.

आता घ्यावं का. कायदेशीर आहे, तुमच्यासारखे नोकरदार पण घेतात. पण सीपीएला दोन गोष्टी विचारा. एक, क्रेडिटचं ऑडिट होऊन फायनल सर्टिफिकेट मिळालंय का. २०२० च्या सुरुवातीला राज्याच्याच ऑडिटरने या योजनेवर कडक रिपोर्ट दिला, नको ते खर्च धरून क्रेडिट दिलं जातंय वगैरे, त्यानंतर कायदा बदलून ऑडिट टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं, २०२३ पासून सगळ्यांनाच. त्याआधी क्रेडिट नंतर बाद ठरलं तर वसुलीची झळ विकत घेणाऱ्याला बसायची भीती असायची. दुसरं म्हणजे ते १० सेंट वाचले असं वाटतं, पण फेडरल रिटर्नमध्ये हा फरक नफा म्हणून दाखवावा लागतो. दोन्ही उत्तरं नीट मिळाली तर घ्या. मन खात असेल तर नका घेऊ, पण तुम्ही नाही घेतलं तर शेजारचा घेईल, तिजोरीला फरक शून्य.

प्रश्न : सीए इंटर करतोय. टॅक्स क्रेडिट, रिबेट, ग्रँट, सबसिडी हे सगळं एकच का? आमच्या सरांनी एकच सांगितलं. (विद्यार्थी, पुणे)

सरांचं निर्मात्याच्या बाजूने बरोबर आहे, त्याला शेवटी पैसेच दिसतात. तुझ्या पेपरसाठी मात्र एक नाही. विकता येणारं क्रेडिट वर आलंच, जॉर्जियात तसं, लुईझियानाने तर २००२ मध्येच हा धंदा मोठा केला होता. दुसरा प्रकार रिफंडेबल, म्हणजे तुझा टॅक्स शून्य असला तरी सरकार क्रेडिटची रक्कम थेट तुला देतं, ब्रोकर मधला मधे कटाप. न्यू मेक्सिकोचं असं आहे. ब्रेकिंग बॅड बघितली असशीलच, ती कथा आधी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये घडणार होती, न्यू मेक्सिकोने २५ टक्के परत द्यायचं कबूल केलं आणि अख्खी कथा अल्बुकर्कला उचलून नेली. आता लोक तिथे ती घरं बघायला जातात. हिशेबाच्या एका ओळीने कथेचं गाव बदललं, मला या सगळ्यात हे उदाहरण सगळ्यात जास्त आवडतं. तिसरं ग्रँट, म्हणजे सरकार बजेटमध्ये ठराविक रक्कम ठेवतं, संपली की संपली. नॉर्थ कॅरोलिनाने २०१४ च्या शेवटी २५ टक्क्यांचं क्रेडिट बंद करून ग्रँट आणली आणि तिथे चाललेली स्लीपी हॉलो ही सिरीज पुढच्या सीझनला सामान बांधून जॉर्जियात गेली.

आपल्याकडचा एक पॉइंट पण लिहून ठेव, परीक्षेत येऊ शकतो. महाराष्ट्राने २००१ च्या धोरणात नवीन मल्टिप्लेक्सना करमणूक करात सूट दिली, पहिली ३ वर्षं पूर्ण आणि पुढची २ वर्षं फक्त २५ टक्के भरा. मग इन्कम टॅक्सवाले म्हणाले, सूट म्हणून जे वाचलं ते तुमचं उत्पन्न, त्यावर टॅक्स द्या. पुण्यातल्याच एका मल्टिप्लेक्सची केस सुप्रीम कोर्टात गेली, डिसेंबर २०१७ मध्ये निकाल लागला की योजनेचा हेतू मल्टिप्लेक्स उभं करणं हा होता, म्हणून ही भांडवली जमा, उत्पन्न नाही. तेव्हाच्या कायद्यात हेतू बघायचा, पैसे कुठल्या वाटेने आले ते नाही.

प्रश्न : एवढे पैसे वाटून त्या राज्यांना फायदा तरी होतो का? की नुसतंच "आमच्याकडे शूटिंग होतं" म्हणून मिरवणं? (निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली)

काका, तुम्ही बँकेतले, तर सरळ आकडा देते. २०२३ च्या शेवटी जॉर्जियाच्या क्रेडिटचा अधिकृत अभ्यास आला, त्यात राज्याने सोडलेल्या प्रत्येक डॉलरमागे टॅक्सच्या रूपाने साधारण १९ सेंट परत येतात असं निघालं. शंभराचं कर्ज देऊन एकोणीस वसूल. तुम्ही ती फाइल सँक्शन केली असती का?

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर मी नुसती हिशेबनीस. सरकारचं म्हणणं असं की तिजोरीत काय आलं एवढंच बघू नका, गावात काय आलं ते बघा. आणि गावात येतं, हे खोटं नाही. अटलांटाच्या दक्षिणेला सेनोया म्हणून छोटं गाव आहे, २०१० च्या आसपासपासून द वॉकिंग डेड ही सिरीज तिथे शूट व्हायला लागली आणि मरगळलेल्या मेन स्ट्रीटवर दुकानं, खानावळी, टुरिस्ट सगळं आलं. टायलर पेरी या नट-दिग्दर्शकाने लष्कराचा जुना तळ, ३३० एकर, २०१५ मध्ये घेऊन त्यावर स्टुडिओ उभा केला. माझी मावसबहीण अटलांटात असते, ती सांगते सकाळी कामावर जाताना सिग्नलला खांबांवर पिवळ्या पाट्या दिसतात, त्यावर सिनेमाचं नाव नसतं, काहीतरी खुणेचा शब्द आणि बाण. तो बाण ट्रकवाल्यांना, सुतारांना, मेकअपवाल्यांना सांगतो की आज युनिट कुठे लागलंय. ती म्हणते पाट्या जास्त दिसल्या की समजायचं कॉफीच्या दुकानात रांग असणार. अर्थशास्त्राचा याहून सोपा धडा मला माहीत नाही.

पण पाट्या कमी पण होतात. २०२२ च्या आर्थिक वर्षात जॉर्जियात सिनेमा-टीव्हीवाल्यांनी ४४० कोटी डॉलर खर्च केले, २०२५ च्या वर्षात तो आकडा २३० कोटींवर आला, म्हणजे जवळजवळ निम्मा. योजना तीच, ३० टक्के तेच, पीच तेच. मध्ये २०२३ चे लेखक आणि नटांचे संप झाले, ओटीटीवाल्यांनी हात आखडते घेतले आणि सुपरहिरोंचे सिनेमे काढणाऱ्या मार्व्हलने आपलं मोठं काम ब्रिटनला हलवलं. कॅलिफोर्निया, म्हणजे ज्याच्या घरातून हे सगळं पळालं, ते तरी किती दिवस बघत बसणार? २००९ मध्ये त्यांनी वर्षाला १० कोटी डॉलरने सुरुवात केली, मग ३३ कोटी, २०२५ मध्ये ७५ कोटी. न्यूयॉर्क ८० कोटींवर गेलं. लिलावच आहे हा, फक्त बोली लावणारा स्वतःचे पैसे लावत नाही.

यात हात पोळलेली राज्यं पण आहेत. मिशिगनने २००८ मध्ये, गाड्यांचे कारखाने बसत होते तेव्हा, ४२ टक्क्यांपर्यंत देऊ असं जाहीर केलं. ४२ टक्के! पाँटियाकमध्ये स्टुडिओ झाला आणि त्याच्या बाँडला कोणाची हमी, तर सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाची. २०१२ मध्ये स्टुडिओला हप्ता भरता आला नाही, भरला पेन्शन फंडाने. २०१५ ला योजनाच गुंडाळली. काका, तुमच्या पेन्शनचं असं झालं असतं तर तुम्ही मला मेल नसती केली, मोर्चा काढला असता. आयोवाची कथा तर अजून भारी, तिथे २००९ मध्ये उघडकीस आलं की सिनेमाच्या खर्चात चक्क आलिशान गाड्या घेतल्यात, योजना तिथेच थांबवली. लुईझियानात सरकारी फिल्म ऑफिसच्या माजी प्रमुखानेच लाच घेतल्याचं २००७ मध्ये कोर्टात कबूल केलं. जिथे खर्च दाखवला की सरकार ३० टक्के देतं तिथे खर्च दाखवायची हौस वाढणारच, त्याला फार हुशारी लागत नाही, मी रोज बघते.

आणि धाक वेगळाच. हाउस ऑफ कार्ड्स ही राजकारणावरची सिरीज मेरीलँडमध्ये शूट होत होती. २०१४ मध्ये कंपनीने गव्हर्नरला पत्र लिहिलं, क्रेडिट वाढवलं नाहीत तर सेट मोडून दुसऱ्या राज्यात जाऊ. त्यावर तिथल्या एका आमदाराने सभागृहात सुधारणा मांडली की जाणार असाल तर सेट-बिट सगळं सरकारजमा करू. म्हणजे एक्स्प्रेस-वेला जमीन घेतात तसं, पण पलंग आणि टेबलं. पडद्यावर पण राजकारणच आणि बाहेर पण.

माझं मत विचाराल तर स्टुडिओ, सुतार, लाइटवाले, शिकवणारी संस्था हे जे गावातच राहतं त्यावर सरकारने पैसे घातले तर मला चालतं. विमानाने येऊन विमानाने जाणाऱ्या हिरोच्या मानधनावर ३० टक्के, हे मला कोणी कितीही समजावलं तरी पटत नाही.

प्रश्न : छावा मध्य प्रदेशात टॅक्स फ्री झाला, गोव्यात झाला, आणि ज्या महाराष्ट्राच्या राजावर सिनेमा तिथे नाही? हा काय न्याय? (वाचक, रत्नागिरी)

रागावू नका, थोडं लांबून सांगते. महाराष्ट्रात आधी करमणूक कर होता, ४५ टक्के, मराठी सिनेमाला तो माफ होता. तेव्हा "टॅक्स फ्री" म्हटलं की तिकीट खरोखर स्वस्त व्हायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, करमणूक कर त्यातच गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये शिवजयंतीला शिवनेरीवर मुख्यमंत्र्यांनी हेच सांगितलं, की जो कर आम्ही २०१७ लाच काढला तो आता माफ कसा करू. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण बाकीची राज्यं करतात ते असं की जीएसटीतला स्वतःचा अर्धा वाटा सोडून देतात. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, त्यातले ९ केंद्राचे, ९ राज्याचे. २०० च्या तिकिटाचे होतात २३६, टॅक्स फ्री झालं तर २१८. वाचले १८ रुपये, त्यात इंटरव्हलचा समोसा पण येत नाही. तुम्हाला अठरा रुपयांचं दुःख नसून मानाचं आहे ते कळतं मला, पण मग त्याला मान म्हणा, टॅक्स म्हणू नका.

खरी गोची वेगळीच झाली आणि तिच्याबद्दल कोणी रागाने लिहीत नाही. मराठी सिनेमाला हिंदीपेक्षा जो आपोआप फायदा होता तो जीएसटीत गेला, आता दोघांना एकच दर.

प्रश्न : मी वाईचा. लहानपणी आमच्या घाटावर सारखी शूटिंगं असायची, आमच्या वडिलांनी एका सिनेमात गर्दीत उभं राहून पैसे पण घेतलेत. आता पूर्वीसारखं राहिलं नाही. सरकारने सबसिडी दिली तर परत येतील का? (हॉटेल व्यावसायिक, वाई)

तुमच्या वडिलांना नमस्कार, गर्दीत उभं राहणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे.

वाईची गंमत अशी की एक रुपया सबसिडी न देता तिने बिहार आणि उत्तर प्रदेश आपल्याकडे ओढून आणलं होतं. गंगाजल, गोष्ट बिहारची, शूटिंग वाई. दबंग, गोष्ट उत्तर प्रदेशातल्या लालगंजची, पोलीस स्टेशन वाईत. कारण साधं, घाट आहे, वाडे आहेत, उसाची शेतं आहेत आणि मुंबईहून सकाळी निघालेला जनरेटरचा ट्रक दुपारी लागतो. काही तुटलं-फुटलं तर दुसऱ्या दिवशी अंधेरीतून नवीन येतं. सोय हीच तुमची सबसिडी होती.

मग उत्तर प्रदेशने धोरण काढलं. २०१८ च्या धोरणात हिंदी सिनेमाचे निम्मे दिवस राज्यात शूट केलेत तर १ कोटीपर्यंत, दोन तृतीयांश दिवस केलेत तर २ कोटीपर्यंत. आता निर्माता बसतो, एका कागदावर वाईचा खर्च, दुसऱ्यावर लखनौचा, प्रवास-हॉटेल धरून लखनौ महाग पडतं, त्यातून २ कोटी वजा केले की स्वस्त पडतं. गोष्ट पण तिकडचीच असते, बोलीभाषा बोलणारे लोक तिथेच मिळतात. आमच्या ऑफिसात असे दोन कागद मी कितीतरी वेळा टाइप केलेत.

पण कागदावरचं आणि बँकेतलं यात अंतर असतं, तेही सांगते. एका राज्यात, नाव नको, आम्ही सबसिडीच्या भरवशावर गेलो. दिवस मोजायचे डीपीआरवरून, म्हणजे रोज किती वाजता पहिला शॉट, किती वाजता पॅकअप ते लिहितात तो कागद. एक दिवस धो धो पाऊस, युनिट हॉटेलात पत्ते खेळत बसलं, शॉट शून्य. तो दिवस धरायचा की नाही? धरला तर आमचे दोन तृतीयांश भरतात, नाही धरला तर एकाने कमी. त्या एका दिवसावर पत्रव्यवहाराची फाइल बोटभर जाड झाली. मग चहा. घाटावरचा एक चहावाला युनिटला दिवसभरात ४८० कप द्यायचा, ८ रुपये कप, १० दिवस, ३८,४०० रुपये. त्याच्याकडे कुठलं पक्कं बिल, मी व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्याची सही घेतली, त्याने किटली खाली ठेवून, हात पुसून, खूप सावकाश सही केली. फाइल तपासणाऱ्यांनी ते ३८,४०० बाद केले. बाहेरून आलेल्या केटररचं जीएसटीवालं बिल मात्र पास. म्हणजे स्थानिक माणसाला पैसे मिळावेत म्हणून योजना, आणि अख्ख्या फाइलमधला सगळ्यात स्थानिक माणूस बाद. पैसे आले ते दोन वर्षांनी. निर्मात्याने तोपर्यंत १८ टक्क्यांनी उचललेले, १ कोटीवर दोन वर्षांत ३६ लाख व्याज. सबसिडीचा एक तृतीयांश सावकाराने खाल्ला, पिक्चर चालला नाही ते वेगळंच.

म्हणून वाईसाठी मी मोठी सबसिडी मागणार नाही. तुम्ही लोकांनी मागायचं ते हे की घाट, वाडा, रस्ता, पोलीस सगळ्यांची परवानगी एका जागी आणि ठरलेल्या दिवसांत मिळू दे, भाडी छापील असू देत आणि युनिट आलं की हॉटेलचे रेट एका रात्रीत दुप्पट करू नका. (हे तुम्हाला उद्देशून नाही, पण थोडं आहे.) युनिट किती पटकन उठतं ते आपण एप्रिल २०२१ मध्ये बघितलंय, लॉकडाउनमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तर मराठी मालिका चार दिवसांत गोव्यात, सिल्व्हासाला जाऊन उभ्या राहिल्या, आणि मे उजाडल्यावर गोव्याने पण परवानग्या रद्द केल्या तर तिथूनही निघाल्या. सासूबाईंच्या घराची तीच पडद्याची कापडं टेम्पोत फिरत होती.

प्रश्न : केंद्र सरकार ४० टक्के परत देतं असं वाचलं. आम्ही मित्र मिळून ६ लाखांत शॉर्टफिल्म करतोय, आम्हाला मिळतील का २ लाख ४० हजार? (वय २३, कोल्हापूर)

नाही रे बाबा. ते ४० टक्के, जास्तीत जास्त ३० कोटी, नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात जाहीर झाले ते परदेशी निर्मात्यांनी भारतात येऊन शूट करावं म्हणून आहेत. तू कोल्हापूरचा, तू परदेशी कुठल्या अंगाने? आणि महाराष्ट्राचं मराठी सिनेमाचं अनुदान, अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख, ते पूर्ण लांबीच्या सिनेमाला आहे, आणि सिनेमा आधी बनवायचा, मग समितीने बघून दर्जा द्यायचा, असा क्रम. म्हणजे पैसे आधी तुझेच.

तुझ्या गावाशी संबंधित म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. सत्तरच्या दशकात महाराष्ट्र सरकारने मराठी सिनेमासाठी करपरताव्याची योजना काढली, सिनेमाने जेवढा करमणूक कर गोळा केला तो निर्मात्याला परत, पण अट अशी की पुढचा मराठी सिनेमा करायचा. म्हणजे लोकांनी तिकीट काढलं तरच पैसे, आणि पैसे घेऊन पळायचं नाही, परत कॅमेऱ्यामागे यायचं. त्याच योजनेवर कितीतरी लोकांचा दुसरा सिनेमा उभा राहिला, आणि कोल्हापूरच्या स्टुडिओंना, लाइटवाल्यांना, जेवणवाल्यांना त्यातून काम मिळालं. या सगळ्या पानांत मी अमेरिकेची जेवढी राज्यं सांगितली त्यातल्या एकाच्याही योजनेपेक्षा मला ही अट जास्त शहाणी वाटते.

तू आत्ता एवढंच कर. कंपनी नाही तर निदान वेगळं बँक खातं उघड, सहा लाख त्यातूनच जाऊ देत. रोजचा डीपीआर लिही, पाच जणांचं युनिट असलं तरी. आणि मिसळवाल्याकडून बिल घे, कच्चं देईल तर कच्चं घे, त्यावर तारीख आणि किती प्लेट ते लिहून घे. पुढे कधी चाळीस लाखांची फाइल घेऊन कुठे उभा राहिलास तर ही सवय उपयोगी पडेल, आणि नाही राहिलास तर निदान मित्रांमध्ये मिसळ कोणी किती खाल्ली यावरून भांडणं होणार नाहीत.